रिकामी गाडी उसळते

भिवंडीला कुणी फिरायला जात नाही. आमच्या सिन्नरची माणसं दिवाळीच्या सुट्टीत महाबळेश्वरला जातात, वणीला जातात, नाहीतर मुंबईच्या नातेवाइकांच्या डोक्यावर जाऊन बसतात. मी पिशवी भरून निघाले तेव्हा शेजारच्या काकूंनी जिन्यातच गाठलं. "भिवंडीला? कापड आणायला का?" म्हटलं, "नाही, बहीण आणायला." त्या हसल्या. मला हसायला सवड नव्हती, पहिली एसटी गाठायची होती.

परत आल्यापासून जो तो विचारतो की काय झालं, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचा मला कंटाळा आलाय. म्हणून एकदाच लिहून टाकते. नव्वद साल तोंडावर आलंय, मंगळावर यानं चाललीत म्हणतात, आणि मी एक मेलेली पिकअप जिवंत करण्यात अख्खी दिवाळी घालवली.

माझी थोरली बहीण, सुशीलाआक्का, लग्न होऊन भिवंडीजवळच्या वळ गावी गेली त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. मूलबाळ नाही. भाऊजी चार वर्षांपूर्वी वारले. यंदा पावसाळ्यात आक्का मोरीत घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. ठाण्याला ऑपरेशन होऊन आत सळई बसली. काठी धरून चार पावलं टाकायला अजून अवकाश होता. प्रवास चालेल, पण आडवं झोपवून, आणि धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी इथे शाळेत चित्रकला शिकवते, एकटी राहते, दोन खोल्या आहेत. विचार करायला होतं काय त्यात? आक्काला आपल्या घरी आणायचं, हे मी ठरवून टाकलं. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आणि तोंडाला लगाम नाही. खरंच आहे ते.

वळ

रस्त्याचं काही सांगत नाही. कसारा घाट सगळ्यांनी पाहिलाय.

वळला भातकापणी चालू होती. पण ज्या शेतांतून भाऊजींनी मला गाडी चालवायला शिकवली, तिथे आता पत्र्याच्या छपरांची लांबलचक गोदामं उभी राहायला लागलीत. एका बाजूला भाताचे भारे, दुसऱ्या बाजूला सिमेंटची घमेली. आक्काचं घर मात्र तसंच, पुढं पडवी, मागं दोन खोल्या.

दार सताड उघडं. आत आक्का खाटेवर, आणि तिच्याभोवती चार बाया. एक तिची वेणी घालत होती, एक जवळा निवडत होती, आणि दोघी नुसत्याच बसल्या होत्या. मला बघून एकीनंही उठायची तसदी घेतली नाही.

"आली बाय तुजी भन," वेणी घालणारी म्हणाली. ही जनाबाई, शेजारीण, आवाज असा की वळमध्ये बोलली तर पार हायवेवरच्या मानकोली नाक्याला ऐकू जावं. "जेवलीस का न्हाय?"

"जेवायचं नंतर बघू," मी म्हटलं. "आक्का, मी ठाण्याला अ‍ॅम्ब्युलन्सची चौकशी केलीय. परवा निघू."

आक्कानं डोळे मोठे केले. "अ‍ॅम्ब्युलन्स? सिन्नरात दारात अ‍ॅम्ब्युलन्स उभी राहिली तर सगळी आळी रडायला जमंल. मी न्हाय अशी येणार."

"मग कशी येणार? उडून?"

"ह्यांच्या गाडीतनं ने," आक्का म्हणाली. "पिकपच्या हौद्यात गादी टाक, आडवी येते मी. दुसऱ्या कशानं येणार न्हाय."

भाऊजींची पिकअप म्हणजे आमच्या बाळपणीची विलायती बांधणीची गाडी, गोल डोळ्यांची, पुढच्या नाकाला पोचा आलेली. तिच्यातून भाऊजींनी वीस वर्षं यंत्रमागांचे बीम वाहिले. बीम म्हणजे सूत गुंडाळलेला लोखंडी रूळ, माणसाएवढा लांब आणि रेड्याएवढा जड. भाऊजी गेले त्या आठवड्यात ती एका गोदामाच्या कोपऱ्यात लावली, ती तिथंच. आणि ते गोदामही आता भाड्यानं जाणार होतं. मालकानं दिवाळीनंतर गाडी उचला म्हणून निरोप धाडला होता.

"ठीक आहे," मी म्हटलं. "गाडी तर गाडी. शाळा उघडायच्या आत चालू करते."

आक्का माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं आनंदानं हसली.

एक सांगायचं राहिलं. त्या घरात मला दोन मिनिटं एकटं बसता आलं नाही. आमच्या कॉलनीत कुणाकडे जायचं तर आधी घंटी वाजवतात, मग दाराच्या फटीतून डोळा दिसतो, मग "अय्या, तुम्ही!" म्हणतात. इथं दार म्हणजे नुसती चौकट. कुणी भाकरी आणून ठेवतंय, कुणी आक्काला अंग पुसायला घेतंय, कुणी आपल्या सुनेची गाऱ्हाणी घेऊन येतंय. मी आक्काच्या कानात म्हटलं, "काय गं ही धर्मशाळा! सिन्नरला बघ कसा आराम मिळतो तुला." जनाबाईनं माझ्या ताटात तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी वाढली. आमच्या बाजरीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला ती भाकरी म्हणजे कापूस वाटतो. तीन खाल्ल्या तरी पोट विचारतं, जेवण कधी?

दुसऱ्या दिवशी भाऊजींचे दोस्त रऊफभाई आले. भिवंडीत त्यांच्या घराण्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे माग आहेत, पण मालकापेक्षा फिटर म्हणूनच त्यांचं नाव जास्त. कुठल्याही मागाची नाडी धरतात. "जय भीम, भाभी," म्हणत ते आत आले. भाऊजी हयात असताना हे दारातून "जय भीम" घालायचे आणि भाऊजी आतून "सलाम" म्हणायचे. आता आतून आक्का "सलाम, भाई" म्हणाली.

गोदामात गाडीवरची ताडपत्री ओढली. चारही चाकं जमिनीला चिकटलेली, टायरला भेगा, काचेवर बोटभर धूळ. रऊफभाईंनी बॉनेट उघडलं आणि ओरडले, "ताई, इकडे बघा, फुकटचा माल!" हवेच्या फिल्टरमध्ये उंदरांनी घरटं केलं होतं. गोदामातल्या सुताच्या गाठोड्यांतून लाल, पिवळे, हिरवे धागे ओढून आणून गोल विणलेलं. भिवंडीतले उंदीरसुद्धा विणकरच. टाकीत काठी घातली तर पेट्रोलचा डिंक झालेला. ब्रेक दाबला तर पाय थेट तळाला.

"चालू होईल?" मी विचारलं.

"इन्शाअल्ला होईल. पण घाई नका करू."

"घाईच आहे."

"मग न्हाय होणार," ते शांतपणे म्हणाले.

भिवंडी

गाडी भिवंडीला रऊफभाईंच्या शेडवर न्यायची होती. चाकांत हवा भरली आणि टेम्पोला दोरखंड बांधला. स्टिअरिंगवर कोण? मी! भाऊजींची शिष्या ना मी. ब्रेक नाही हे मला माहीत होतं, टेम्पोवाल्याला सांगायचं मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नाही. भिवंडीच्या तोंडाशी त्यानं सवयीनं टेम्पो थांबवला आणि आमची पिकअप म्हशीसारखी त्याच्या बुडाला जाऊन भिडली. त्याच वेळी कापडाच्या ताग्यांनी लादलेली हातगाडी मधे आली. मी जीव खाऊन स्टिअरिंग वळवलं आणि एका पानाच्या टपरीच्या पायरीवर पुढचं चाक चढवलं. टपरीवाला बाहेर येऊन बघतो तर काय, आत लुगड्यातली बाई! तो शिवी घालायची विसरला. म्हणाला, "बाईजी, पान खायेंगी?" मी खाल्लं. दुसरं करणार तरी काय?

भिवंडीत पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याला आधी आवाज भेटतो, गाव नंतर. प्रत्येक गल्लीत, प्रत्येक शेडमध्ये माग चालू, खटॅक खटॅक खटॅक. जमीन थरथरते, भिंत थरथरते, बशीतला चहा थरथरतो. माझं तासाभरात डोकं गरगरायला लागलं. माणसं मात्र मजेत. एकमेकांशी हातांनी बोलतात. शेडच्या एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाच्या माणसाला बोटांच्या खुणांनी विचारतो, चहा की जेवण, आणि तोही खुणेनं सांगतो, दोन्ही. रऊफभाईंच्या घरी जेवायला गेले तर त्यांच्या बीबी स्वयंपाकघरातसुद्धा ओरडून बोलत होत्या. आवाज नव्हता तिथं, पण सवय! "माशाचं कालवण घे गो!" असं जोरात म्हणाल्या की मी दचकून वाटीच पुढं केली.

इंजिनाच्या नळ्यांत रऊफभाईंनी रॉकेल आणि तेल ओतून मुरत ठेवलं. टाकी धुतली. कार्बुरेटर खोलून त्याची तोटी न्‌ तोटी फुंकली. ब्रेकचे रबर बदलले, भेगाळलेले टायरही. मी रोज सकाळी वळहून रिक्षानं यायचे आणि त्यांच्या डोक्यावर बसायचे. मी विचारायची, "आज चालू करायची?" आणि ते हातांनी खूण करायचे, नाही. शेवटी मी किंचाळले, "का नाही?"

त्यांनी मला बाहेर नेलं. "ताई, ह्या आवाजात इंजिन ऐकू येईल का? टायमिंग कानानं लावावं लागतं. शुक्रवारी माग बंद असतात. शुक्रवारी बघू."

"म्हणजे अख्ख्या भिवंडीत गाडी दुरुस्त करायची तर शुक्रवारची वाट बघायची?"

"बाकीच्यांची बात न्हाय मी करत. मी फक्त शुक्रवारी ऐकतो."

अशा माणसापुढं डोकं आपटून काय होणार? मी गावभर भटकले. बाजारात गेले, खाडीच्या पुलावर उभी राहून आले, साइझिंगचा कारखाना बघितला. तिथं सुताला खळ लावतात आणि आत शिरलं की चड्डीपर्यंत घाम येतो. संध्याकाळी वळला परत येऊन आक्काला सगळं सांगितलं की ती विचारायची, "मग, न्हाय ना चालू झाली?" मी म्हणायची, "होईल गं, धीर धर." धीर मीच धरत नव्हते, तिला काय सांगत होते!

शुक्रवार

शुक्रवारी सकाळी भिवंडीत उतरले तर कान बधिर झाल्यासारखे. कावळा ओरडला तेवढा ऐकू आला. लोक नवे सदरे घालून सावकाश चालत होते आणि तेही हळू बोलत होते. मला तेच गाव वाटेना.

नमाज आटोपून रऊफभाई आले. सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या, हँडल घातलं आणि एक वेढा मारला. काही नाही. दुसरा. खोकल्यासारखं काहीतरी. पाचसात वेढ्यांनंतर माझा संयम सुटला, मी पदर खोचून हँडल ओढून घेतलं आणि जोर लावला, तर हँडलनं असा उलटा झटका दिला की मनगटच निखळलं असं वाटलं. "अगं आईगं!" मी खाली बसले. आणि नेमकी तेव्हाच ती पेटली. आधी काळा धूर, मग उंदरांच्या घरट्यातला उरलासुरला रंगीत धागा धुराड्यातून बाहेर, आणि मग भाऊजींच्या गाडीचा तो जुना, घोगरा आवाज. मला तो आक्काच्या अंगणातून ऐकू यायचा, भाऊजी मानकोलीच्या नाक्यावर असतानाच. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मनगट दुखत होतं म्हणूनही, पण फक्त म्हणून नाही.

रऊफभाई कान लावून तीनदा काहीतरी फिरवत बसले. मग म्हणाले, "हां. बोलली."

आता खरी परीक्षा. गाडी चालू झाली, पण आक्काला झोपवून न्यायची तर हौदा कसा चालतो ते बघायला हवं होतं. रऊफभाई चालवणार आणि मी हौद्यात गादीवर आक्कासारखी आडवी पडणार. पडले. अंगावर चादर घेतली, ऊन होतं म्हणून तोंडावर पण घेतली. बंद मागांच्या गल्लीतून गाडी हळूहळू चालली. चादरीच्या फटीतून दिसलं, लोक बाजूला होतायत, एका म्हाताऱ्यानं उठून हात जोडले. "कौन था बेचारा?" त्यानं विचारलं.

"जिंदा है चाचा!" रऊफभाई ओरडले.

मी चादर फेकून उठून बसले. म्हातारा दोन पावलं मागे उडाला आणि मग इतका हसला, इतका हसला, की त्याला पाणी द्यावं लागलं. मी हसले नाही. कारण त्याच्या जरा आधीच खड्डा आला होता आणि माझी पाठ गादीवरून हातभर वर जाऊन खाली आदळली होती. इथं सळई घातलेली मांडी असती तर तिचं काय झालं असतं?

"खडखडते," रऊफभाई म्हणाले. "ठीक करतो."

मग त्यांनी जे केलं ते भिवंडीच्या माणसालाच सुचावं. मागावर धोटा ठोकणाऱ्या पिकरचं जाड चामडं असतं. ते कापून त्यांनी चाकांवरच्या कमानींच्या, म्हणजे पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगांच्या, सांध्यासांध्यात ठोकून बसवलं आणि सगळे बोल्ट आवळले. आजूबाजूचे चार मागवाले बघायला जमले. गाडी खड्ड्यातून नेली. चारही जण कान टवकारून उभे. "आवाज आला? न्हाय ना?" सगळे खूश. कुणी चहा मागवला. ह्या गावात यंत्र चांगलं की वाईट ते कानानं ठरतं. खडखडलं तर ढिलं, गप्प बसलं तर झकास.

"अहो, आवाज गेला," मी हौद्यातून ओरडले, "पण हाडं माझी मोडली! पहिल्यापेक्षा वाईट झालंय. दगडावर झोपल्यासारखं वाटतंय!"

"आवाजच न्हाय तर धक्का कसा बसेल?" रऊफभाईंना पटेना.

"तुम्ही झोपा इथं! मी चालवते."

झोपले बिचारे. मी एकाच खड्ड्यातून नेली, मुद्दाम. उतरल्यावर कमरेला हात लावून म्हणाले, "चामडा काढतो."

चामडं काढलं. मग भाऊजींनी बिमांच्या ओझ्यासाठी कमानींत घातलेले जादा पाटे काढले, उरलेल्या पाट्यांच्या मधे ग्रीस भरलं, टायरची हवा कमी केली. बरं झालं, पण आक्काला झोपवावं इतकं नाही. दिवस कलला होता. सुट्टी संपत आली होती. मी वैतागले आणि आम्ही गाडी वळला घेऊन निघालो. मी पुन्हा हौद्यात, हट्टानं.

भिवंडीतच, गल्लीच्या तोंडाशी जनाबाई उभी. बरोबर बाजार करून आलेल्या वळच्या सातआठ बाया, डोक्यावर टोपल्या. "थांबव रं भाई!" विचारणं नाही, पुसणं नाही, एकेक करून सगळ्या हौद्यात चढल्या. एकीचा पाय माझ्या पोटावर. "सरक गं बाय," म्हणून मलाच सांगतात. मी तोंड उघडणार तेवढ्यात तोच मघाचा खड्डा आला. आणि गाडी नुसती झुलली. खाली गेली, वर आली, बस्स. पाळण्यासारखी. बाया आपल्या बोलतच होत्या.

"रऊफभाई!" मी टोपल्यांच्या मधून ओरडले. "परत न्या! त्या खड्ड्यातून परत न्या!"

परत नेली. परत झुलली. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं. ही गाडी जन्मभर ओझं वाहायला बांधलेली. रिकामी असली की उसळते, भरली की मऊ होते. आक्काला मऊ न्यायचं तर हौद्यात वजन हवं.

"वाळूची पोती भरू," मी म्हटलं.

"पोती कशाला?" जनाबाई म्हणाली. "आमी हाव ना. मानकोलीपत्तूर तर आमी येतो. पुडं तुज्या पोत्या भर."

घरी आल्यावर मी नाचतच आक्काला सांगितलं. "चालते! मस्त चालते! उद्या निघायचं!"

आक्कानं छताकडे बघितलं. मग म्हणाली, "चालू झाली म्हण की."

मानकोली

निघताना गाव लोटलं असं नाही म्हणता येणार, पण हौद्यात जेवढं मावेल तेवढं चढलं. मधे गादीवर आक्का, भोवती बाया, त्यांच्या मांडीवर डबे. मी स्टिअरिंगवर, शेजारी रऊफभाई, इंजिनाला काही झालं तर असावेत म्हणून. मागची काच उघडी ठेवली होती. वळ ते मानकोली, सगळा रस्ता मागून हसण्याचे आवाज येत होते. जनाबाई कुणाच्या तरी सासूची नक्कल करत होती आणि आक्का म्हणत होती, "गप गं, पोट दुखतंय!" गाडी काय सुंदर चालली म्हणून सांगू! मी भाऊजींच्या नावानं दोनदा हॉर्न वाजवला.

नाक्यावर एका नव्या गोदामाचं बांधकाम चाललं होतं, तिथं रऊफभाईंनी वाळूची पोती सांगून ठेवली होती. बाया उतरल्या. रडारड झाली नाही. जनाबाईनं आक्काच्या गालावरून हात फिरवला, डबा उशाशी ठेवला आणि म्हणाली, "जा बाय. सुकट हाय त्यात, सिन्नरात मिलनार न्हाय." पोती भरली, गादीच्या दोन्ही बाजूंना नीट रचली. बाया रस्त्याच्या कडेला वळकडे जाणाऱ्या टेम्पोची वाट बघत उभ्या राहिल्या आणि आम्ही नाशिकच्या रस्त्याला लागलो.

गाडी तशीच चालली. मी मुद्दाम सांगते, तशीच. वाळूचं वजन काय, माणसांचं वजन काय, कमानीला काय कळतं? मी खुशीत होते. आक्काचा पलंग कुठं ठेवायचा, खिडकीशी की भिंतीशी, ते मनात चाललं होतं. मधेच मी ओरडून विचारायची, "आक्का, बरंय ना?" मागून, "हां." मग नुसता वाऱ्याचा आवाज.

पडघ्याच्या अलीकडे चहाला थांबलो. मी ग्लास घेऊन मागे गेले. आक्का पोत्यांच्या मधे सरळ पडली होती, डोळे उघडे, कानापर्यंत ओघळ आलेला.

"दुखतंय? धक्का बसला?"

"न्हाय. गाडी झकास चालती. कायबी हललं न्हाय."

"मग रडतेस कशाला?"

तिनं शेजारच्या पोत्यावर हात ठेवला. "पोती बोलत न्हाईत गं."

मी चिडले. खोटं कशाला लिहू, भयंकर चिडले. भर रस्त्यात उभी राहून बोलले. एवढी खटपट केली ती कुणासाठी, मनगट सुजलं ते कुणासाठी, तूच म्हणालीस ना ह्यांच्या गाडीतनं ने! आक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी म्हटलं खरं. पण मला वाटलं ती गाडी काय चालू व्हायची न्हाय. तुला न्हाय म्हणवत नव्हतं गं. तू आलीस तीच सगळं ठरवून. गाडीलाच न्हाय म्हणू दे म्हटलं."

"आणि चालू झाली तेव्हा का नाही बोललीस?"

"तू नाचत आलीस ना."

मी म्हटलं, "माझ्याकडे काय कमी आहे तुला?"

"तू कमी हायस," आक्का म्हणाली. रागानं नाही, वेणी घालताना बोलावं तसं. "सकाळी शाळा, संध्याकाळी तुझे क्लास, रविवारी कुठं डोंगर चढायला. तू घरात असतीस कवा? मी पडू एकटी, दार लावून? घंटी वाजली तरी उठता न्हाय येणार मला."

रऊफभाई चहाचा ग्लास हातात धरून लांब आभाळाकडे बघत उभे होते. मी चहा तिच्या तोंडाला लावला, तिनं दोन घोट घेतले, उरलेला मी प्यायले. मग स्टिअरिंगवर बसले आणि गाडी वळवली.

मानकोलीला त्या बाया अजून टेम्पोची वाट बघत उभ्या होत्या. गाडी थांबली. मला वाटलं आता विचारतील, काय झालं, का परत आलात, काय सांगायचं ते मी मनात जुळवत होते. कुणी एक शब्द विचारला नाही. जनाबाई पोत्यावर चढून बसली आणि आक्काला म्हणाली, "सुकटीचा डबा दे गं, भूक लागली." सगळ्या चढल्या. आता वाळू पण आणि बाया पण. कमानी पार बसल्या, चाक हौद्याला घासायला लागलं. मी बैलगाडीच्या चालीनं वळपर्यंत नेली. मागं पुन्हा सासूची नक्कल सुरू झाली होती.

ती वाळू वाया गेली नाही. आक्काच्या पडवीच्या दोन पायऱ्या काढून तिथं उतार करून घेतला, काठी टेकत बाहेर येता यावं म्हणून. गोदाम रिकामं करायचं होतंच, तेव्हा आक्कानं गाडी माझ्या गळ्यात बांधली. "ने. पण उभी नको ठेवू. उभी राहिली की मरती. महिन्या दोन महिन्यांनी घेऊन ये आणि आमाला सगळ्यांना भरून फिरव." काढलेले पाटे रऊफभाईंनी स्वतःकडे ठेवून घेतले. बीम भरायची वेळ आली तर लागतील म्हणे.

मी एकटी निघाले. आणि काय सांगू, रिकामी गाडी काय उसळते! शहापूरच्या पुढे दर खड्ड्याला डोकं टपाला लागत होतं. कसाऱ्याच्या घाटात मागचा हौदा ढोलासारखा वाजत होता. वळणावर थांबून दोन दगड तरी टाकावेत असं दहादा मनात आलं, पण टाकले नाहीत. आपटू दे म्हटलं. मला राग आला होता, रडू येत होतं, आणि मधेच त्या "जिंदा है चाचा"ची आठवण येऊन एकटीच हसत होते.

शाळा उघडली त्या दिवशी मोठ्या बाईंनी पहिल्यांदा तेच विचारलं. "काय मग, बहिणीला घरी पोचवलंत ना?"

खिडकीतून पटांगणाच्या कडेला लावलेली पिकअप दिसत होती. म्हटलं, "हो बाई. पोचवलं."